डोळे स्क्रीनमध्ये, विमान घाटाकडे: बेळगाव-कोल्हापूर सोलो उड्डाणाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचं आहे

एक विद्यार्थिनी वैमानिक एकटीच बेळगावहून कोल्हापूरकडे येत असताना कॉकपिटमधल्या नव्या नेव्हिगेशन यंत्रणेत गुंतली आणि २ मिनिटं २० सेकंद विमानाकडे तिचं जवळजवळ लक्ष नव्हतं. तेवढ्यात विमानाने उंची गमावली, रस्ता सोडला आणि ते पश्चिमेकडे वळू लागलं. विमानाला ओरखडाही आला नाही, कोणाला इजा झाली नाही. मशीन मोडलेलं नाही, हवामान बिघडलेलं नाही आणि वैमानिकही निष्काळजी नाही. अशाच प्रकरणातून शिकण्यासारखं जास्त असतं.

ओळख पटू नये म्हणून संस्था, तारीख आणि विमानाचा क्रमांक दिलेला नाही, काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. घटनाक्रम विमानातल्या एसडी कार्डवरच्या नोंदीवरून (दर सेकंदाला एक ओळ) आणि विद्यार्थिनीच्या लेखी निवेदनावरून जुळवला आहे. कोणतं बटण कधी दाबलं हे कार्डवर येत नाही, तेवढा भाग निवेदनातून घेतला आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीचे एकूण १३८ तास झाले होते. त्यातले १३० हून अधिक तास जुन्या, सहा डायलच्या सेसना विमानांवर: एअरस्पीड (वेग), कृत्रिम क्षितिज, अल्टिमीटर (उंची), टर्न कोऑर्डिनेटर (वळण), हेडिंग (नाकाची दिशा) आणि व्हर्टिकल स्पीड (वर-खाली जाण्याचा वेग). नेव्हिगेशन म्हणजे मांडीवरचा नकाशा, पट्टी, स्टॉपवॉच आणि खालची गावं. यात ती चांगली होती, तिच्या प्रगतिपुस्तकात तसे शेरे आहेत.

कमर्शिअल लायसन्ससाठी डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), आणि त्यातच किमान ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. हे उड्डाण त्यासाठीच होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या तळावरून बेळगाव, तिथून कोल्हापूर, मग परत तळावर.

विमान सेसना १७२ एस, गार्मिन जी-१००० बसवलेलं. समोर दोन मोठे स्क्रीन असतात. डावीकडच्या मुख्य स्क्रीनवर क्षितिज, वेग आणि उंची, उजवीकडच्यावर नकाशा, इंजिन आणि फ्लाइट प्लॅन (वाटेतल्या ठिकाणांची यादी). संस्थेकडे हे विमान नवीन होतं. विद्यार्थिनीला त्यावर प्रशिक्षकासोबत ३ उड्डाणं मिळाली होती, मिळून ४ तास ४० मिनिटं, आणि प्रोजेक्टरवर एक वर्ग. तिन्ही उड्डाणांत फ्लाइट प्लॅन जमिनीवर, इंजिन सुरू करण्याआधी, प्रशिक्षकाने स्वतः भरला होता. हवेत असताना प्लॅनमध्ये बदल करण्याची वेळ एकदाही आली नव्हती. म्हणजे तिला हे विमान चालवता येत होतं आणि स्क्रीन वाचता येत होता, पण चालत्या विमानात त्या यंत्रणेला नवीन काही सांगणं तिने कधी केलं नव्हतं. संस्थेच्या नोंदीत मात्र ‘ग्लास कॉकपिट रूपांतर पूर्ण’, म्हणजे स्क्रीनच्या विमानाचं प्रशिक्षण झालं, असा शिक्का होता.

नोव्हेंबरची दुपार होती. गळीत हंगाम सुरू झालेला. निपाणीपासून पंचगंगेच्या काठापर्यंत ऊसतोड, गुऱ्हाळं, जागोजागी पेटवलेलं पाचट. त्या धुरामुळे हवा पांढुरकी होते आणि दुपारनंतर समोरचं दिसणं आणखी कमी होतं. कोल्हापूरची दृश्यमानता ६ किलोमीटर सांगितली होती. व्हीएफआर (बाहेर बघून केलेल्या) उड्डाणाला या उंचीवर ५ किलोमीटर लागतात, म्हणजे नियमात बसणारी, पण फार शिल्लक नसलेली.

बेळगाव ते कोल्हापूर सरळ रेषेत ५२ नॉटिकल मैल आहेत, दिशा साधारण ३३८ अंश. नकाशावर ही रेषा ओढली तर ती संकेश्वर, निपाणी, कागल अशी राष्ट्रीय महामार्ग ४८ ला जवळजवळ चिकटून जाते. पूर्ण वाट खाली रुंद रस्ता. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळही त्याच महामार्गालगत. शिवाय विद्यार्थिनी याच जिल्ह्यातली, कागल-कोल्हापूर रस्ता तिने शाळेपासून एसटीने केलेला. या लेगसाठी (टप्प्यासाठी) तिला खरं तर कोणत्याही स्क्रीनची गरज नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

बेळगावहून १५:१२ ला उड्डाण. उंची ४,५०० फूट. पश्चिमेकडच्या मार्गांसाठी सम हजार अधिक ५०० हा नियम, त्यानुसार बरोबर. १५:२७ च्या सुमाराला संकेश्वर ओलांडताना कोल्हापूर टॉवरने (विमानतळाच्या वाहतूक नियंत्रण कक्षाने) सांगितलं की एक प्रवासी विमान येत आहे, तेव्हा ४,५०० फुटांवरच राहा आणि पुढची सूचना येईपर्यंत कागलच्या दक्षिणेला थांबा.

सूचना चोख होती. धावपट्टी २५ वापरात होती, येणारं विमान पूर्व-ईशान्येकडून फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, येणार होतं. कागल विमानतळाच्या दक्षिणेला सुमारे ५ मैलांवर, म्हणजे वाटेतून अगदी बाजूला. महामार्गाने येणाऱ्या कोणालाही सापडणारी जागा.

विद्यार्थिनीने सूचना बरोबर परत वाचून दाखवली. आणि मग कागल जी-१००० मध्ये शोधायला घेतलं.

इथून पुढे सेकंदांच्या हिशेबाने, सूचना आली तो क्षण शून्य धरून:

२० व्या सेकंदाला तिने उजव्या स्क्रीनचं एफपीएल (फ्लाइट प्लॅन) बटण दाबलं, मोठा नॉब फिरवून कोल्हापूरच्या ओळीवर आली आणि छोटा नॉब फिरवून एकेक अक्षर लावू लागली. के, ए, जी. तिसऱ्या अक्षरानंतर यंत्रणेने चौथं आपोआप भरलं: केएजीसी. तिने एंटर दोनदा दाबलं, साधारण ७० व्या सेकंदाला.

कागल या डेटाबेसमध्ये नाहीच. तिथे विमानतळ, रेडिओ स्थानकं आणि हवाई मार्गांवरचे अधिकृत बिंदू असतात, तालुक्याची गावं नसतात. विमानात जगभराचा डेटाबेस भरलेला होता, आणि ‘के’ने सुरू होणारी चार अक्षरी नावं अमेरिकेतल्या विमानतळांची असतात. आपल्याकडची ‘व्ही’ने सुरू होतात: कोल्हापूर व्हीएकेपी, बेळगाव व्हीओबीएम. केएजीसी हा पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळचा विमानतळ आहे. तो प्लॅनमध्ये कोल्हापूरच्या आधी बसला, आणि चालू लेग झाला बेळगाव ते पिट्सबर्ग.

आता या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. इतकी मोठी चूक झाल्यावर स्क्रीनवरची मार्ग दाखवणारी सुई एका बाजूला पळायला हवी होती. ती पळाली नाही. पृथ्वीच्या गोलावर बेळगावहून पिट्सबर्गचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर-वायव्येकडे, ३३८ अंशांच्या आसपासच सुरू होतो. कोल्हापूरची दिशाही तीच. दोन्हींमध्ये एक अंशाचाही फरक नाही. त्यामुळे ८० व्या सेकंदाला तिने मान वर करून जेमतेम दोन सेकंद मुख्य स्क्रीन पाहिला, तेव्हा गुलाबी सुई मध्यात होती, उंची ४,४८० होती आणि डावा पंख फक्त ४ अंश खाली होता. ‘सगळं ठीक आहे’ असं वाटायला ही नजर पुरेशी होती.

९५ व्या सेकंदाला तिचं लक्ष अंतराच्या आकड्याकडे गेलं. पंचवीसच्या आसपास असायला हवा तिथे ७,१०० मैल. ती दचकली, आणि विमानाकडे परत येण्याऐवजी चूक पुसण्याच्या मागे लागली.

नको असलेली ओळ काढायला सीएलआर बटण एकदा टिचकीने दाबायचं असतं. घाईत तिने ते दाबून धरलं. दोन सेकंद धरलं की यंत्रणा सगळं सोडून मूळ नकाशावर जाते. प्लॅन दिसेनासा झाला. पुन्हा एफपीएल, पुन्हा नॉब. या वेळी एक ओळ पुढे गेली आणि स्क्रीनने विचारलं, व्हीएकेपी काढू का? कोल्हापूरच पुसलं जाईल या भीतीने ती रद्द करायला बटण शोधू लागली. दरम्यान ११८ व्या सेकंदाला टॉवरने हाक मारली होती. ती तिला ऐकू आल्याचं आठवत नाही.

१५२ व्या सेकंदाला टॉवरची दुसरी हाक आली. १६० व्या सेकंदाला तिने वर पाहिलं तेव्हा डावीकडे कल २३ अंश, हेडिंग २८४, उंची ३,७४०, खाली जाण्याचा वेग मिनिटाला १,१०० फूट आणि एअरस्पीड १२९ नॉट, म्हणजे या विमानाच्या हिरव्या पट्ट्याची वरची कड. समोर पांढुरक्या हवेत गडहिंग्लजकडच्या टेकड्या. महामार्ग कुठेच दिसत नव्हता. तो उजवीकडे सुमारे ३ किलोमीटरवर राहिला होता.

विमान असं का वागलं

सेसना १७२ स्थिर विमान आहे हे खरं, पण ते स्थैर्य नाकाच्या वर-खाली होण्याबाबत जास्त आहे. पंख थोडा कलला आणि कोणी सरळ केला नाही, तर तो कल हळूहळू वाढतो, नाक खाली जातं, वेग वाढतो. यालाच स्पायरल म्हणतात. तो इतका सावकाश सुरू होतो की शरीराला वळण जाणवत नाही.

पंख मुळात कलला का, याचं उत्तर बसण्याच्या जागेत आहे. उजव्या स्क्रीनचा नॉब त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असतो. डाव्या सीटवरून तिथे पोहोचायला खांदा उजवीकडे न्यावा लागतो, आणि योक (विमानाचं सुकाणू) धरलेला डावा हात नकळत ओढला जातो. शिवाय ४,५०० फुटांवर आल्यावर ट्रिम (हात न लावता उंची टिकावी म्हणूनची जुळणी) नीट बसवलेला नव्हता, विमान थोडं नाकाकडे जड होतं. हात सैल पडला की ते खाली जाणारच होतं.

नोंदीतून आणखी एक गोष्ट कळली. उंचीचा बग (ठरवलेल्या उंचीची स्क्रीनवरची खूण) अजून ६,५०० वर होता, आधीच्या लेगवरचा. तो ४,५०० वर लावला असता, तर २०० फूट खाली जाताच आकडा पिवळा होऊन लुकलुकला असता आणि हेडफोनमध्ये सूर वाजला असता. म्हणजे साधारण ४,३०० फुटांवरच इशारा मिळाला असता.

जुन्या डायलवर शिकलेल्या वैमानिकाच्या बाबतीत हेही लक्षात घ्यावं लागतं की गोल अल्टिमीटरचा काटा वाचावा लागत नाही, त्याचा कोन डोळ्याच्या कडेनेही कळतो. स्क्रीनवरच्या उभ्या पट्टीतला आकडा वाचावा लागतो. पट्टीशेजारी पुढच्या ६ सेकंदांत उंची कुठे असेल ते दाखवणारी गुलाबी रेघ असते, पण तिच्याकडे बघण्याची सवय लागायला ४ तास ४० मिनिटं पुरत नाहीत. दोन सेकंदांच्या नजरेत तिला स्थिती दिसली, कल कुठे चालला आहे ते दिसलं नाही.

त्या वेळी कोणते पर्याय होते

सूचना आली तेव्हा टाकीत सुमारे १५० लिटर इंधन होतं, खर्च तासाला ३४ लिटरच्या घरात. चार तासांहून जास्त हवेत राहता आलं असतं. त्यामुळे घाई करण्याचं इंधनाचं कारण नव्हतं. मनावर ताण होता तो परतीचा. कोल्हापुरात उशीर झाला तर सूर्यास्ताच्या आत तळ गाठणं अवघड होणार होतं, असं ती निवेदनात लिहिते. हा ताण या प्रकरणात कुठेच दिसत नाही, पण प्रत्येक बटण घाईने दाबण्यामागे तोच आहे.

सर्वांत सोपा पर्याय खिडकीबाहेर होता. महामार्ग धरून पुढे जायचं, निपाणी, मग यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल, कोगनोळीचा टोल नाका, दूधगंगा आणि लगेच कागल. नकाशावर हे सगळं आहे आणि तिच्या डोक्यातही होतं.

दुसरा पर्याय स्क्रीनवर आधीच तयार होता. चालू लेग कोल्हापूरचाच होता, अंतर दिसत होतं. कागल विमानतळापासून ५ मैलांवर, तेव्हा अंतर ७ झालं की डावीकडे चकरा मारायच्या. एकही बटण दाबायची गरज नाही.

तिसरा, टॉवरला विचारणं: ‘कागलऐवजी महामार्गावर १० मैलांवर थांबू का?’ कोणताही कंट्रोलर याला हो म्हणाला असता. पण सोलो क्रॉस कंट्रीतला विद्यार्थी टॉवरशी घासाघीस करत नाही. सूचना म्हणजे आज्ञा, असं त्याला वाटतं. ‘जमणार नाही’ हे शब्द उच्चारायचा सराव कोणी दिलेलाच नसतो.

ऑटोपायलट लावणं हा चौथा पर्याय तांत्रिकदृष्ट्या होता, संस्थेच्या नियमाने नव्हता. सोलो विद्यार्थ्यांना तो वर्ज्य होता.

यंत्रणेत नवीन बिंदू तयार करता येतो हेही खरं. अक्षांश-रेखांश देऊन किंवा एखाद्या ठिकाणापासून दिशा आणि अंतर देऊन. पण ज्याने ते आधी जमिनीवर केलेलं नाही, त्याने ते हवेत, एकट्याने, पहिल्यांदा करायचं नाही. आमच्या मते याला अपवाद नाही.

प्रत्यक्षात काय केलं

वर पाहिल्यानंतरचं तिचं वागणं शाबासकी द्यावी असं आहे. आधी थ्रॉटल मागे, म्हणजे इंजिनाची ताकद कमी. मग पंख सरळ. मग नाक वर. हा क्रम महत्त्वाचा, कारण कल तसाच ठेवून योक ओढला तर वळण आणखी आवळतं आणि पंखांवरचा भार वाढतो. सगळ्याला ९ सेकंद लागले. सर्वांत कमी उंची ३,६१० फूट नोंदली गेली.

त्यानंतर पूर्ण पॉवर, ४,५०० कडे चढ आणि हेडिंग ०४०, म्हणजे महामार्ग जिकडे असायला हवा तिकडे. टॉवरला तिने स्पष्ट सांगितलं की आपल्या जागेची खात्री नाही, महामार्ग शोधते आहे, इंधन चार तासांचं आहे. हे सांगायला धैर्य लागतं. कंट्रोलरने तिच्यावर प्रश्नांचा भडिमार केला नाही. उंची विचारली, जवळपास दुसरं विमान नसल्याचं सांगितलं आणि रस्ता दिसला की कळवायला सांगितलं.

दीड मिनिटात तवंदी घाटाची वळणं दिसली. मग तिने महामार्ग आपल्या डाव्या हाताला ठेवला, कारण डाव्या सीटवरून खालचं डावीकडूनच दिसतं. फ्लाइट प्लॅनला तिने पुढे हातच लावला नाही. पिट्सबर्ग प्लॅनमध्ये तसंच राहिलं. कागलच्या पूर्वेला पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या शेड दिसल्या, तिथून दक्षिणेला डावीकडे तीन चकरा मारल्या आणि प्रवासी विमान उतरल्यावर तिला लेफ्ट डाउनविंडसाठी (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर जाण्याच्या टप्प्यासाठी) बोलावलं. १५:५८ ला लँडिंग झालं.

तिने खाली उतरल्या उतरल्या प्रशिक्षकांना फोन केला. ‘सर, मी परत येऊ शकते, पण हात थरथरतायत,’ असं ती म्हणाली. उत्तर होतं: ‘विमान बांध, आधी चहा घे. आज तू उडत नाहीयेस. मी सकाळी गाडीने येतो.’ सूर्यास्ताला दोन तास होते आणि कागदावर परतीचं उड्डाण बसत होतं. तरीही विमान रात्रभर कोल्हापुरात ठेवण्याचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून परतले आणि त्या लेगवर फ्लाइट प्लॅनमध्ये मुद्दाम पाच बदल करून घेतले. परतीचा निर्णय विद्यार्थ्यावर सोडला नाही, हे बरोबर केलं.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा २० व्या सेकंदाची: कागल कुठे शोधायचं. ज्या मुलीला कागल पाठ होतं तिने ते स्क्रीनमध्ये शोधलं, कारण गेले काही आठवडे तिला हेच शिकवलं जात होतं की या विमानात नेव्हिगेशन म्हणजे स्क्रीन. नवं शिकवताना जुनं कौशल्य बाजूला ठेवा असं कोणी म्हणत नाही, पण तिन्ही ड्युअल (प्रशिक्षकासोबतच्या) उड्डाणांत नकाशा बॅगेतून बाहेर निघाला नव्हता.

दुसरी जागा दुसऱ्यांदा एंटर दाबण्याची. त्या वेळी छोट्या चौकटीत विमानतळाचं पूर्ण नाव, प्रदेश, दिशा आणि अंतर दिसतं. दिशेने या वेळी फसवलं असतं, नाव आणि अंतराने नाही. यंत्रणेने स्वतः सुचवलेलं नाव न वाचता मान्य केल्याने किती मोठा घात होतो, हे २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियात कालीजवळ दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ९६५ च्या वैमानिकांनी रोझो या रेडिओ स्थानकासाठी ‘आर’ टाकलं, संगणकाने बोगोटाजवळचं रोमिओ निवडलं, बोईंग ७५७ डावीकडे वळलं आणि डोंगरावर आदळलं. १६३ पैकी १५९ जण गेले. तिथेही गोंधळ निस्तरण्यात वेळ गेला आणि विमान खाली उतरतच राहिलं.

तिसरी जागा ९५ व्या सेकंदाची, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. चूक लक्षात आली तो क्षण. माणसाचा स्वभाव असा की आपली चूक आधी पुसावी. पण पिट्सबर्गची ओळ प्लॅनमध्ये दिवसभर राहिली असती तरी विमानाचं काही बिघडणार नव्हतं. पंख कललेला राहिल्याने बिघडणार होतं. ९५ व्या सेकंदाला नोंदीप्रमाणे कल ७ अंश आणि उंची ४,४१० होती. तेव्हा मान वर झाली असती तर लिहिण्यासारखं काही उरलं नसतं.

काय वेगळं करता येईल

अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेने) २०१० मध्ये हलक्या विमानांमधल्या ग्लास कॉकपिटचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा विमानांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं, आणि यंत्रणेनुसार वेगळं प्रशिक्षण हवं असा आग्रह धरला गेला. यंत्र उत्तम असणं आणि ते वापरणारा सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संस्थेने नंतर केलेल्या बदलांपैकी सर्वांत उपयोगी ठरलेला बदल जमिनीवरचा आहे. विमानाला बाहेरून वीज जोडायची, इंजिन बंद, आणि विद्यार्थ्याने एकट्याने दहा कामं करायची: बिंदू घालणं, काढणं, चुकीचा घालून काढणं, थेट कोल्हापूरला जाणं, सगळ्यात जवळचा विमानतळ शोधणं, प्लॅन पुसून पुन्हा भरणं वगैरे. प्रशिक्षक मध्येच सीएलआर दाबून धरतो आणि हरवलेला प्लॅन परत आणायला सांगतो. बाहेरची वीज न जोडता हे केलं तर बॅटरी उतरते आणि वर्गाची वेळ निम्म्यावर येते, म्हणून ते साधन आधी हवं. हे सगळं न अडखळता जमल्याशिवाय हवेत प्लॅनला हात लावायचा नाही.

हवेत बदल करायचाच असेल तर मुख्य स्क्रीनवरून करायचा. जी-१००० च्या दोन्ही स्क्रीनच्या कडेला एफपीएल, सीएलआर, एंटर आणि नॉब हे सगळं असतं. डाव्या स्क्रीनवर प्लॅनची छोटी खिडकी कोपऱ्यात उघडते आणि क्षितिज डोळ्यांसमोर राहतं. खांदाही वाकवावा लागत नाही. पुष्कळ जणांना उजव्या स्क्रीनचीच सवय लागते, कारण तिथे अक्षरं मोठी दिसतात.

काम तुकड्यांत करायचं. एफएएचा (अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेचा) सर्वसाधारण सल्ला असा की बाहेर १६ सेकंद पाहिल्यावर आत ४ ते ५ सेकंदच नजर ठेवावी. त्यावरून संस्थेने नियम केला: एक अक्षर, मग मान वर. पंख, उंची, बाहेर. मग पुढचं अक्षर. कागलची पाच अक्षरं लावायला यात दीड मिनिट जातं, आणि तसं जाऊ द्यायचं. तिसऱ्या फेरीत जमलं नाही तर काम सोडून द्यायचं आणि टॉवरला सांगायचं.

बेळगाव-कोल्हापूर लेगच्या ब्रीफिंगमध्ये आता टॉवर थांबवू शकेल अशा जागांचा कागद असतो, प्रत्येकीसमोर विमानतळापासूनचं अंतर, दिशा आणि वरून दिसणारी खूण. काही प्रशिक्षकांनी संकेश्वर, निपाणी, कागल हे बिंदू यंत्रणेतच भरून ठेवावेत असं सुचवलं. ते केलं, पण त्यात एक धोका आहे. एका विमानात भरले आणि दुसऱ्यात राहून गेले, तर तोच सापळा पुन्हा तयार होतो, कारण विद्यार्थी खात्रीने शोधणार आणि यंत्रणा खात्रीने दुसरंच काहीतरी सुचवणार. म्हणून सर्व विमानांतले बिंदू महिन्यातून एकदा, २८ दिवसांनी डेटाबेस बदलतो त्याच दिवशी, यादीशी ताडून पाहिले जातात.

उंचीचा बग प्रत्येक लेव्हल-ऑफनंतर (ठरलेली उंची गाठून विमान सरळ केल्यावर) लावायचा, हे चेकलिस्टमध्ये ट्रिमच्या लगेच पुढे आलं आहे. आणि प्रत्येक ड्युअल क्रॉस कंट्रीत किमान एक लेग उजवा स्क्रीन अंधुक करून, नकाशावर उडवला जातो.

ऑटोपायलटचा प्रश्न मात्र प्रशिक्षकांमध्ये अजून सुटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, हेडिंग (दिशा धरणं) आणि अल्टिट्यूड (उंची धरणं) लावलं असतं तर विमान ४,५०० वर, महामार्गावरच राहिलं असतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घाबरलेला विद्यार्थी हेडिंग नव्हे, नॅव्ह लावेल, आणि मग ऑटोपायलट चालू लेग पाळेल. या प्रकरणात तो लेग पिट्सबर्गचा होता आणि दिशा कोल्हापूरचीच, म्हणजे विमान कागलला न थांबता सरळ विमानतळावर, येणाऱ्या प्रवासी विमानाच्या वाटेत शिरलं असतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तूर्त सहा महिन्यांसाठी असं ठरलं आहे की वेगळी तपासणी पार केलेल्या सोलो विद्यार्थ्याला फक्त हेडिंग आणि अल्टिट्यूड वापरता येईल, नॅव्ह नाही, आणि ते लावलं की टॉवरशी बोलून होईपर्यंत प्लॅनच्या नॉबला हात लावायचा नाही.